ओलिरा म्हणजे काय हो?

टाकीतून हाक यायची.

मी तेव्हा इतका लहान होतो की गच्चीचा जिना मला हातापायांनी चढावा लागे. उन्हाळ्यात पाण्याची टाकी रिकामी केली की आमच्या थोरलीला, म्हणजे माझ्या ताईला, ब्रश आणि बादली देऊन आत उतरवत. टाकीच्या तोंडातून मावेल आणि आत गेल्यावर रडणार नाही, अशी घरात ती एकटीच. मी जिन्यात बसून ऐकायचो. आधी ब्रशाचा खरखराट, मग जराशी शांतता, आणि मग ती हाक. शब्द कळायचा नाही, सिमेंट त्याचे कोपरे खाऊन टाकायचं. शेवटचा लांबलचक 'आ' तेवढा जिन्यापर्यंत यायचा. हाक जायची, हाक यायची. जाणारी ताईची, हे मला कळत होतं. येणारी कोणाची, हे कळत नव्हतं. आत दुसरी एक मुलगी राहते आणि ताई तिला भेटायला जाते, अशी माझी पक्की खात्री झाली, आणि त्या उन्हाळ्यात मी नळाचं पाणी प्यायला साफ नकार दिला. आईनं आधी समजावलं, मग एक धपाटा घातला. पण कोणी राहत असलेल्या घरातलं पाणी त्यांना न विचारता कसं प्यायचं, हा माझा मुद्दा आजवर कोणी खोडून काढलेला नाही.

पुढे मी मोठा झालो, नळाचं पाणी प्यायला लागलो आणि ही गोष्ट विसरून गेलो. नावाच्या भानगडीत पडलो नसतो तर ती विसरलेलीच राहिली असती.

भानगड सुरू झाली ती सकाळच्या चहाला. मुलीनं कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मी नाव बदलतेय."

"लग्न ठरवलंस की काय?" हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, गॅसपाशी उभ्या उभ्या विचारलं.

"आडनाव नाही गं आई. नाव."

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्या घरात नावं वापरायची पद्धतच नाही. मी विमा कंपनीच्या कचेरीत लोकांचे दावे तपासायला बसतो, बऱ्यापैकी हुद्द्यावर आहे, पण घरी मी 'धाकट्या'. बायकोला मी 'अगं', मला ती 'अहो'. माझी ताई निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे राहते, ती माझी 'ताई' आणि मुलीची 'आत्या'. ती एका मोठ्या कारखान्यात टेलिफोनवर होती. तिथे जन्मभर तिला सगळे 'ऑपरेटर' म्हणाले. घरात पूर्ण नावानं हाक मारली जाते अशी एकच व्यक्ती, ती म्हणजे आमची मुलगी. तिचं नाव ओलिरा.

नाव ताईनं ठेवलेलं. मूल अजून दवाखान्यातच होतं, आम्ही नवराबायको नावावरून दोन गट पाडून बसलो होतो, तेवढ्यात ताई ड्यूटी संपवून आली, पाळण्यात वाकली आणि म्हणाली, "ओलिरा." ते ऐकून बाळ रडायचं थांबलं. आम्हीही थांबलो. ताईनं फक्त एक अट घातली: "हिला टोपणनाव ठेवायचं नाही. ओलू नाही, रिरा नाही, बेबी तर नाहीच. हाक मारायची तर पुरती मारायची." आता ताईनं आयुष्यात कधी कुणाला अट घातली नव्हती. ती एक घातली, म्हणून आम्ही ती इमानानं पाळली. मुलगी कधी डोक्यात निखारे पेटावेत इतका राग आणायची, तेव्हासुद्धा आम्ही पूर्ण नावानंच ओरडलो.

"पण या नावाला झालंय काय?" मी म्हणालो.

"त्याला काही झालेलं नाही, बाबा. त्याला काही अर्थच नाहीये."

तर झालं होतं असं. मुलगी घरांचे नकाशे काढते. नव्या ठिकाणी नोकरीची मुलाखत होती. समोर बसलेल्या मोठ्या साहेबांना भाषांचा छंद. त्यांनी विचारलं, "सुंदर नाव आहे. अर्थ काय?" मुलीनं सांगितलं, "पहाटेचं दव." साहेब म्हणाले, "कुठल्या भाषेत?" मुलगी म्हणाली, "आमच्या घरच्या." त्यावर साहेब इतके हसले की नोकरी तिथल्या तिथे मिळाली, पण त्या दिवसापासून सगळं ऑफिस तिला 'दव' म्हणायला लागलं. दव, जरा इकडे ये. दव, नकाशा झाला का. ती सुटीवर गेली तर तिच्या खुर्चीवर चिठ्ठी: उन्हामुळे दव उडून गेले आहे.

"दव म्हणतात?" खिडकीपाशी ताई विणत बसली होती, तिच्या सुया थांबल्या. "नावानं नाही म्हणत?"

"नाही ना, आत्या. म्हणूनच म्हणतेय, एक साधं, अर्थवालं नाव घेते आणि सुटते."

ताईनं विणलेलं थोडं उसवलं आणि पुन्हा विणायला घेतलं.

दवाचा दोष एकट्या मुलीचा नव्हता. लहानपणी ती अर्थ विचारायची तेव्हा घरातल्या प्रत्येकानं आपापल्या ऐपतीप्रमाणे दिला होता. दव हिनं दिलं. मी 'दूरची नदी' दिली. मामानं एकदा 'वीज' दिली, पण त्याच्याकडे तेव्हा दिवे गेले होते. पोरीनं त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणून दव निवडलं आणि तेच तिला बाधलं.

मी बाप आहे. त्यातून दावे तपासणारा. बिनबुडाचे कागद बघून खोट काढणं हा माझा धंदा, तर बूड नसलेल्या नावाला बूड शोधून देणं मला जमू नये? मी म्हणालो, "महिनाअखेरपर्यंत थांब. मी खरा अर्थ शोधून आणतो."

"आणि नाही सापडला तर?"

"तर मी स्वतः तुझ्याबरोबर नाव बदलायच्या कचेरीत येईन."

हे वाक्य मी उभा राहून म्हणालो. बसून म्हणालो असतो तरी पुढचं टळलं नसतं, पण निदान पाय दुखले नसते.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणून मी आधी ताईकडे गेलो. "ताई, तू हे नाव कुठून आणलंस?"

"आवडलं. ठेवलं."

"ते झालं. पण ऐकलंस कुठे?"

"धाकट्या, टाके मोजतेय. बोलायला लावू नकोस."

ताईशी बोलताना हल्ली जरा जपूनच घ्यावं लागे. कारण तिच्या कानांबद्दल मला शंका होती. हिनं स्वयंपाकघरातून 'ओलिरा' अशी हाक मारली की ताई खुर्चीतून अर्धी उठायची आणि मग पुन्हा बसायची. कितीतरी वर्षं. मी एकदा तिला कानाच्या डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टर म्हणाले, "कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत," आणि तपासणीची फी मात्र माझ्याकडून घेतली. तो विषय मी तिथेच सोडला.

मग मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. औषधवाल्याला जगातली सगळी विचित्र नावं तोंडपाठ असतात. त्यानं डोळे मिटले, मनातल्या मनात फळ्या चाळल्या आणि म्हणाला, "मलम होतं. या नावाचं किंवा याच्या जवळपासचं. खाजेवर."

"नक्की?"

"आता येत नाही. बंद झालं. पुरळ वाढायचं."

हा अर्थ मी घरी सांगितला नाही.

सांगितला मात्र वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरकाकांना, आणि तिथे माझं चुकलं. काका निवृत्त झाल्यापासून इमारतीतल्या प्रत्येक कामात 'पद्धत' आणतात. त्यांनी जिन्यातला बल्ब बदलायला आराखडा केला होता. आराखडा पूर्ण व्हायच्या आत नवा बल्बही उडाला. त्यांनी माझी हकिकत ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि इमारतीच्या ग्रुपवर मजकूर टाकला: 'आपल्या एका सभासदाच्या मुलीच्या नावाचा अर्थ हरवला आहे. ज्यांस आढळेल त्यांनी कळवावे.'

कळवलं, सगळ्यांनी कळवलं. तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई म्हणाल्या, एका जातीच्या लेसला ओलिरा म्हणतात, हवी असेल तर कापून देते. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी सकाळी फोड करून दिली: ओल म्हणजे ओलावा, इरा म्हणजे भूमी, ओलिरा म्हणजे भिजलेली जमीन. मी खूश झालो. दुपारी ते जिने चढून आले आणि दारातच म्हणाले, "मागे घेतो. ओल मराठी, इरा संस्कृत, या दोघांचं असं जमत नाही. रात्रभर झोप लागायची नाही मला." एका गृहस्थांनी, नाव सरळ वाचलं तर अशुभ पण उलटं वाचलं तर धनलाभ, असं गणित मांडून दिलं. त्यांची बायको म्हणाली, "ह्यांचं ऐकू नका, ह्यांनी आमच्या मांजराचंही नाव उलटं केलंय आणि ते आता येतच नाही." आणि कोणीतरी, नाव न देता, फक्त एक अंगठा पाठवला.

जिन्यात, लिफ्टमध्ये, दुधाच्या रांगेत, लोक मला थांबवून विचारायला लागले, "सापडला का हो?" ज्या आवाजात लोक हरवलेल्या म्हाताऱ्या नातेवाइकाबद्दल विचारतात त्या आवाजात. वॉचमननं तर एकदा खोक्यात सापडलेली एक छत्रीच आणून दाखवली. ऐकीव माहितीत वस्तू काय हरवली ते गाळलं गेलं असावं.

शेवटी इंजिनिअरकाका म्हणाले, "हे खाजगी प्रयत्न पुरे. अधिकृत उत्तर मिळवा. नावनोंदणी कचेरी आहे. एवढी नावं जिथे जातात, तिथे अर्थ असणारच." आणि त्यांनी मला एक फाइल दिली. फाइल रिकामी होती, पण तिला दोरी होती.

नावनोंदणीची कचेरी एका जुन्या उंच इमारतीत आहे. मधोमध गोल जिना, वर काचेचं छप्पर, खाली बोललेलं वर ऐकू येतं आणि वर खोकलेलं खाली. 'चौकशी' असं लिहिलेल्या खिडकीवर 'चौकशी चार नंबरला करावी' असा कागद होता. चार नंबरला एक बाई बसल्या होत्या. त्यांचा चेहरा असा होता, की आपण काही विचारायच्या आधीच आपण ते चुकीच्या ठिकाणी विचारतोय हे कळावं.

"काय बदलायचंय?"

"बदलायचं नाही. अर्थ हवाय."

"अर्थखातं पलीकडच्या इमारतीत."

"तो अर्थ नाही हो. नावाचा अर्थ."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अर्थ आम्ही ठेवत नाही. आमच्याकडे नाव येतं आणि जातं."

"पण इतकी नावं इथे..."

"भाषेच्या कचेरीत विचारा."

"विचारलं. ते म्हणाले, शब्द असेल तर आमच्याकडे, नाव असेल तर तुमच्याकडे."

बाईंनी उसासा सोडला, मागच्या कपाटातून एक फॉर्म काढला आणि म्हणाल्या, "यात भरून द्या. काय व्हायचं ते होईल."

माझ्या मागे रांग होती. मागच्या माणसाची कोपरं माझ्या बरगड्यांशी ओळख करून घेत होती. मी भराभर लिहिलं. अर्जदार: माझं पूर्ण नाव. विषयाचं नाव: ओलिरा. कारण: अर्थ कळत नाही. खाली सही ठोकली. गेली कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलोय, की बाबांनो, सही करायच्या आधी वरचं शीर्षक वाचत जा. ते शीर्षक वाचायला मला त्या दिवशी वेळ झाला नाही.

शीर्षक पुढच्या आठवड्यात सगळ्या गावानं वाचलं. सकाळी हिनं वर्तमानपत्र उघडलं, मधलं पान वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं, आणि शांतपणे विचारलं, "अहो, मी तुम्हाला अजून 'अहो' म्हटलेलं चालेल ना?"

जाहीर सूचना होती. माझं नाव, माझा पत्ता, माझा हुद्दा, आणि पुढे: सदर गृहस्थ यापुढे 'ओलिरा' या नावाने ओळखले जातील, कोणाची हरकत असल्यास त्यांनी सुनावणीस हजर राहावे.

मी टेबलाचा कोपरा धरला. टेबलानं मला धरलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसाबद्दल फार बोलत नाही. वॉचमननं कडक सलाम ठोकला, "गुड मॉर्निंग, ओलिरासाहेब." औषधवाला दुकानातून ओरडला, "मलम लावलं की काय?" ऑफिसात माझ्या टेबलावर कोणीतरी फुलं ठेवली होती. दाव्याचा कागद घेऊन आलेली एक म्हातारी पाटी वाचून म्हणाली, "मला बाईसाहेबांकडे पाठवलंय." आणि इंजिनिअरकाका संध्याकाळी आले, सूचना दोनदा वाचली आणि म्हणाले, "भाषा शुद्ध आहे. एवढं मान्य करायला हवं."

मुलगी मात्र आधी हसली. सोफ्यावर लोळून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग अचानक उठून बसली आणि म्हणाली, "पण बाबा, तू माझं नाव घेतलंस."

"तू टाकतच होतीस."

"टाकत होते. दिलं नव्हतं कोणाला."

ती आत निघून गेली. ताईच्या सुया पुन्हा थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी चार नंबरच्या बाईंसमोर उभा राहिलो. या वेळी बाई मला ओळखून होत्या.

"अर्ज मागे घ्यायचाय."

"छापून आलं की मागे येत नाही. हरकत यावी लागते."

"मग माझीच हरकत आहे."

"अर्जदाराला हरकत घेता येत नाही. तुम्हीच मागितलंय ना?"

"मी नाही मागितलं."

"सही?"

सहीवर मी गप्प झालो. गेली कित्येक वर्षं मी समोरच्याला याच शब्दावर गप्प करत आलोय.

"मग हरकत घ्यायची कोणी?"

"ज्याचं नाव आहे त्यानं. यायचं आणि सांगायचं, हे नाव माझं आहे आणि मला हवं आहे. तुमचा अर्ज तिथल्या तिथे रद्द."

"माझ्या मुलीचं आहे. ती येईल."

"येऊ दे. पण हवंय म्हणून एकदा सांगितलं, की मग तिला ते बदलता येणार नाही. आज हवं, उद्या नको, असं इथे चालत नाही."

म्हणजे पेच असा पडला: मुलीनं हरकत घेतली नाही तर मी उरलेलं आयुष्य ओलिरा, आणि घेतली तर ती. संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. मनधरणी मात्र केली नाही. पोरीला आपल्या अब्रूसाठी जन्माचं नाव गळ्यात घाल म्हणायचं, हे माझ्या तोंडून निघेना. ती म्हणाली, "बघते." हिनं त्यावर नुसता तांब्या आपटला.

कोपऱ्यातून ताईनं विचारलं, "तिथे पुकारा करतात का?"

"काय?"

"सुनावणीला. नावानं हाक मारतात का, विचारतेय."

"मारतात. शिपाई ओरडतो दारात उभा राहून."

"मोठ्यानं?"

"अख्ख्या इमारतीला ऐकू जातं, ताई. का?"

"मीही येते," ताई म्हणाली आणि टाके मोजायला लागली. इतक्या वर्षांत बँक आणि दातांचा डॉक्टर सोडून ताई कुठे स्वतःहून 'येते' म्हणाली नव्हती. मला वाटलं, घराण्याची लाज निघणार ती जवळून बघायची असेल.

सुनावणीच्या दिवशी आम्ही गोल जिन्याच्या वरच्या मजल्यावर, लाकडी बाकावर ओळीनं बसलो. मी, ही, मुलगी, टोकाला विणकाम घेऊन ताई. इंजिनिअरकाका साक्षीदार म्हणून आले होते. कशाचे, ते त्यांनी उघड केलं नाही. मुलगी चपलेच्या टोकानं फरशीवरची एक भेग पुढे मागे गिरवत होती. तिच्या मनात काय चाललंय हे तिच्या आईला कळत असावं, कारण ती तिच्याकडे बघत नव्हती. मला कळत नव्हतं, म्हणून मी एकसारखा बघत होतो.

शिपाई दारात आला. उंच, बारीक, गळ्याची शीर बोटभर जाड. त्यानं कागद डोळ्यांसमोर धरला, छाती भरून घेतली आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "ओलिराऽऽऽ."

हाक जिन्यावरून खाली गेली. गोल गोल फिरत तळाला पोचली, तिथे जरा थांबली, आणि मग काचेच्या छपराकडे उलटी चढत वर आली. गेली तशी आली. एक अक्षर कमी नाही.

मला टाकी आठवली.

मुलीनं मान वर केली, तिचे ओठ हलले. पण त्याच्या आत बाकाच्या टोकाकडून आवाज आला, "ओ."

ताई उभी होती. अर्धी नाही, पूर्ण. तिच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा सुटून जिन्याच्या पायऱ्या उतरत चालला होता आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आजी, हरकतवाल्यालाच बोलावलंय," शिपाई म्हणाला.

"हरकत माझीच आहे," ताई म्हणाली आणि आत गेली. आम्ही सगळे तिच्यामागे.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुमचं नाव?"

"तेच. जे आता पुकारलंत ते."

"कागदोपत्री?"

"कागदावर दुसरं आहे. ते माझ्या आजीचं. आजी गेली त्याच वर्षी मी झाले, म्हणून वडिलांनी मला ते दिलं. पण स्वतःच्या आईच्या नावानं पोरीला 'ए, इकडे ये' कसं म्हणायचं? त्यांच्या तोंडून निघेना. मग सासूचं नाव म्हणून माझी आई पण घेईना. मग मी थोरली झाले, ताई झाले, आत्या झाले. कामावर ऑपरेटर झाले. दिवसभर लोकांना हाका जोडून द्यायचे, बाई. माझ्या नावानं कधी कोणाची हाक आली नाही."

बाईंचं पेन हातातच होतं. "मग हे नाव कुठून आलं?"

"टाकीतून," ताई म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "आपली गच्चीवरची. रिकामी करून मला आत घासायला उतरवायचे, तुला आठवतंय का कोण जाणे. आत हाक मारली की परत यायची. मी आधी घरातल्यांच्या नावांनी हाका मारून बघितल्या. क, ट, ड आत फुटतात, खडे पडल्यासारखे. र आणि ल कसे नीट येतात. मग मी आपली जुळवत बसले. ब्रश चालवायचा, एक नाव करून बघायचं, नाही आलं की दुसरं. किती उन्हाळे गेले असतील त्यात. एकदा हे केलं, आणि ते जसंच्या तसं परत आलं. आतून कोणीतरी मलाच बोलावल्यासारखं. त्याला अर्थबिर्थ काही नाही, बाई. पूर्ण परत येतं, एवढंच आहे त्याच्यात."

इंजिनिअरकाकांनी फाइलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

बाई हळूच म्हणाल्या, "पण आजी, कागदाशिवाय हरकत मला घेता येत नाही."

"माझ्याकडे कागद आहे," मुलगी म्हणाली. ती पुढे झाली आणि ताईच्या दंडाला धरून खिडकीशी उभी राहिली. "हरकत आमच्या दोघींची आहे. नाव आधी हिचं, मग माझं. आणि आम्हाला हवंय."

"मग पुढे बदलता येणार नाही, समजलं ना?"

"समजलं."

"सहीला जागा एकच आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी फॉर्म आडवा फिरवून पुढे सरकवला. "बारीक अक्षरात करा."

अशा रीतीनं मी पुन्हा मी झालो. याबद्दल कोणी माझं अभिनंदन केलं नाही. मी लोकरीचा गुंडा आणायला खाली उतरलो; तो थेट तळाच्या पायरीपर्यंत पोचला होता. गुंडाळत गुंडाळत, धाग्याच्या मागोमाग मी वर चढत होतो. मधल्या वळणावर ताई कठड्याला धरून उभी होती, धाग्याचं दुसरं टोक हातात धरून.

"म्हणून टोपणनाव नको म्हणाली होतीस तू," मी म्हणालो.

ताईनं मान हलवली. वर मुलगी आणि ही आम्हाला शोधत होत्या. हिनं सवयीनं खाली वाकून हाक मारली, "ओलिरा, बाबा आणि आत्या कुठे राहिले बघ गं," आणि मी बघितलं, ताईचा पाय एक पायरी वर गेला आणि थांबला.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही तिला हाका मारायचात ना रे. जेवायला, अभ्यासाला, उठवायला, रागवायला. त्यातली अर्धी हाक मी घ्यायचे, धाकट्या. रागाचीसुद्धा."